आपला फोन कोणत्या टेबलावर वाजतो?



कारखान्याच्या कार्यालयात चालू हंगामाच्या आरंभी नवीन डिजिटल टेलिफोन यंत्रणा बसली, हे आपल्यापैकी बहुतेकांना कळलेच आहे. 'एक दाबा, दोन दाबा' म्हणणारी बाई कोण, असेही आम्हांस गट कार्यालयांत विचारले गेले. ती बाई म्हणजे यंत्रात भरून ठेवलेला आवाज आहे, तिच्यावर रागावून उपयोग नाही. परंतु ही यंत्रणा शेतकी खात्याने हट्टाने का मागून घेतली, ते सांगायचे तर आधी आमच्याच चुकीची एक हकीकत सांगितली पाहिजे.

दोन हंगामांपूर्वी फेब्रुवारीत एका सभासदांचा दोन एकर खोडवा भर दुपारी तारा घासून पेटला. जळीत ऊस किती लवकर गव्हाणीत पडावा लागतो हे ऊसकऱ्यांना आम्ही सांगायला नको. रोज वजन उतरते, साखर उतरते. त्यांनी कारखान्यास फोन केले. टोळी गेली ती चौथ्या दिवशी. तात्या आमच्या टेबलापुढे येऊन उभे राहिले. "सायेब, तीन डाव फोन केला. ह्यो बघा मोबाईल." मोबाईलात तिन्ही कॉल दिसत होते. आम्ही म्हणालो, "तात्या, आमच्याकडे फोन आलाच नाही."

दोघेही खरेच बोलत होतो. फोन बोर्डापर्यंत आला होता, पुढे कोठे जोडला गेला ते जुन्या बोर्डाला सांगता येत नव्हते. आमची सगळी माणसे फडात होती. रिकाम्या खोलीत घंटा वाजून थांबली असणार. जळिताची कपात नियमाप्रमाणे झाली आणि उशिराची तूटही तात्यांच्याच अंगावर पडली.

फोन भलतीकडे जाण्याचे दुखणे तसे जुनेच आहे. अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे आल्मन स्ट्रौजर नावाचे एक गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा धंदा करीत. एक्स्चेंजवरील बाई आपली गिऱ्हाइके दुसऱ्याच दुकानदाराला जोडून देते असा त्यांचा संशय होता, असे सांगतात. त्यांनी माणसावाचून जोडणी करणारे यंत्रच काढले. १८९१ साली त्याचे पेटंट मिळाले व पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातील ला पोर्ट गावी तसे एक्स्चेंज सुरू झाले. आपल्याकडे खेड्यांपर्यंत डिजिटल एक्स्चेंज नेण्याचे मोठे काम १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने केले. तिचे ग्रामीण एक्स्चेंज १९८६ साली राणी चन्नम्माच्या कित्तूर गावी चालू झाले. धूळ व उकाडा सोसून, खोली थंड न करता चालावे अशीच त्याची बांधणी होती.

आता डिजिटल म्हणजे काय? जुन्या बोर्डात आवाज जसाच्या तसा लहरीसारखा तारेतून जाई. नवे यंत्र आवाजाचे सेकंदाला ८,००० वेळा माप घेते आणि प्रत्येक माप शून्य व एक अशा आठ खुणांत लिहिते. म्हणजे एका बोलण्याच्या सेकंदाला ६४,००० खुणा झाल्या. आपल्या वजनकाट्यावरून अनेक टोळ्यांच्या गाड्या एकामागून एक जातात, तरी स्लिपमुळे कोणाचा ऊस कोणाच्या खात्यावर पडत नाही. तद्वत अनेकांचे बोलणे आळीपाळीने एकाच वाटेने जाते, मिसळत मात्र नाही. डिजिटल फोनच्या दोन तारांतून आवाजाबरोबर यंत्राचे निरोपही येतात. म्हणून आमच्या फोनच्या पडद्यावर आलेला नंबर दिसतो. (गट कार्यालयातील मंडळींनी त्या जागी बाजारचा साधा फोन लावून पाहू नये. तो चालत नाही. एकाने लावून झाला आहे.)

आपल्या उपयोगाचे मुख्य ते असे. जळिताची खबर द्यायची असेल तर प्रथम १ दाबावे. हा फोन आधी शेतकी कार्यालयात वाजतो. वीस सेकंदांत कोणी उचलला नाही तर केनयार्डात वाजतो, तेथेही नाही तर पाळीवरील शेतकी मदतनिसाच्या मोबाईलवर जातो. रात्री कार्यालय बंद झाल्यावर सरळ गेटावर वाजतो. तोडणी व टोळीच्या चौकशीस २, बिलाच्या चौकशीस ३. शेजारच्या टेबलावर वाजणारा फोन आपल्या जागेवरून दोन आकडे दाबून ओढून घेता येतो, त्यामुळे 'तो माझा फोन नव्हता' ही सबब आमच्या खात्यात आता चालत नाही. गट अधिकारी, मुकादम व सभासद असे तिघांचे बोलणेही एकदम जोडता येते. टोळीचा निम्मा घोळ निरोपानिरोपीत होतो, तो येथे मिटावा.

'फोन घेऊ नका' असे एक बटणही यंत्रात आहे. ते दाबले की घंटाच वाजत नाही. बटण फार सोयीचे आहे, म्हणूनच शेतकी खात्याच्या फोनांवर ते आम्ही बंद करवून घेतले.

कोणी विचारील, मोबाईल असता हे कशाला? मोबाईल माणसाचा असतो. माणूस रजेवर जातो, बदलीवर जातो, फडात रेंज नसते. येथील नंबर टेबलाचा आहे, टेबलावरचा माणूस बदलला तरी तो बदलत नाही. वीज गेली तर बॅटरी आहे. बॅटरीही उतरली तर बाहेरची एक लाईन आपोआप गेटावरील साध्या फोनला जोडली जाते. मेघगर्जनेच्या दिवसांसाठी तारांना संरक्षक बसविले आहेत व अर्थिंग नव्याने केले आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे नोंद. कोणत्या नंबरावरून, किती वाजता फोन आला, कोणत्या टेबलावर वाजला, उचलला की नाही, किती वेळ बोलणे झाले, हे यंत्र लिहून ठेवते. काय बोलणे झाले ते मात्र आपले यंत्र टिपत नाही. म्हणून फोन उचलणाऱ्याचे नाव विचारून घ्यावे आणि गट नंबर, क्षेत्र, लागण की खोडवा हे तेव्हाच सांगावे. उचलले न गेलेल्या फोनांची यादी रोज सकाळी आमच्या टेबलावर येते. पहिल्या दिवशी ती दोन पाने निघाली. आम्हांस वाचताना बरे वाटले नाही. अलीकडे ती पाऊण पानावर आली आहे.

तात्यांचा यंदाचा आडसाली ऊस अजून उभा आहे. नवा नंबर आम्ही त्यांना कागदावर लिहून दिला. त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला. तोडीची चौकशी करायला मात्र ते अजून मोटारसायकलवरच येतात.