दुकानामागचे छोटे वीजकेंद्र

"डॉक्टर, रोज संध्याकाळी डोकं ठणकतं. सुट्टीच्या दिवशी मात्र काही नाही." कापड दुकानातील एक विक्रेता मला सांगत होता. रक्तदाब ठीक, नजर ठीक. "दुकानात आणखी कोणाला त्रास होतो का?" मी विचारले. "हो, गल्ल्यावरच्या शेठना मळमळतं." तेव्हा लक्षात आले, की दुखणे माणसाचे नसून जागेचे आहे. दिवेलागणीला विजेची मागणी वाढते, वीज जाते आणि दुकानामागच्या बंद बोळात जनरेटर सुरू होतो.

जनरेटर म्हणजे तेलावर चालणारे छोटे वीजकेंद्रच. मोठ्या केंद्राचा धूर उंच धुराड्यातून जातो. आपला मात्र खिडकीतून आत येतो. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मग मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू कमी पडतो. पेट्रोल व रॉकेलवरच्या लहान यंत्रांत हा वायू जास्त असतो. डिझेलमध्ये तो कमी, पण काजळी अधिक. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले.

डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गळून जाणे एकाच जागेतील अनेकांना होत असेल आणि बाहेर पडल्यावर कमी होत असेल, तर धुराचा संशय घ्या. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. या विषबाधेतही तो आकडा चांगला दाखवू शकतो. कोणी बेशुद्ध पडल्यास त्याला आधी मोकळ्या हवेत आणा, जनरेटर बंद करा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. प्राणवायू देणे हाच मुख्य उपचार आहे.

जनरेटर घरात, जिन्याखाली किंवा शटर ओढलेल्या दुकानात कधीही चालवू नये. खिडकी उघडी ठेवणे पुरेसे नाही. डिझेल जनरेटरच्या धुराड्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सूत्र आहे. त्यानुसार २५ केव्हीएच्या यंत्राचे धुराडे इमारतीपेक्षा १ मीटर, तर १०० केव्हीएच्या यंत्राचे २ मीटर उंच हवे.

शेठनी नळी छपरावर नेली. पंधरा दिवसांनी तो विक्रेता पुन्हा आला, पण औषधासाठी नव्हे. आईचा रक्तदाब तपासून घ्यायला. मी त्याला गोळी दिलीच नव्हती.