निशिगंधाचे बेणे घेताय? आधी फुलातला प्लॉट बघा!



दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याने २० गुंठे निशिगंध लावला. हारासाठी सुटी फुले विकायची, म्हणून त्यांनी एकेरी जातीचे कंद मागितले होते. पोती आली तेव्हा ते मला कंद दाखवायला आले. मी म्हणालो, "चांगले पोसलेत, लावा." चार महिन्यांनी दांडे निघाले, तर फुले दुहेरी! "साहेब, माल दुसराच निघाला की हो," म्हणाले. तोवर खत, खुरपणी, मजुरी सगळे होऊन गेले होते. चूक माझीही होती. कंद पोसलेला आहे हे डोळ्यांना दिसते, पण तो एकेरीचा की दुहेरीचा, हे नुसत्या कंदावरून खात्रीने सांगता येत नाही.

निशिगंध, म्हणजेच गुलछडी, मूळची मेक्सिकोची, घायपाताच्या नात्यातली. एकेरी जातीत पाकळ्यांची एकच ओळ असते, फूल पांढरेशुभ्र आणि वास दाट. हार, वेणी व अत्तरासाठी हीच चालते. फुले रजनी, शृंगार, प्रज्वल या एकेरी जाती. प्रज्वलच्या कळीवर मात्र किंचित गुलाबी झाक असते, तेव्हा नुसत्या रंगावर जाऊ नका, पाकळ्यांच्या ओळी मोजा. दुहेरीत तीनपेक्षा जास्त ओळी असतात. सुवासिनी ही त्यातली. तिचे दांडे फुलदाणी व सजावटीला उत्तम, पण सुट्या फुलांच्या बाजारात तिला एकेरीची सर येत नाही.

बांधावरच्या इतर कंदांशीही घोटाळा होतो. निशिगंधाचे पान अरुंद, गवतासारखे, बुडाशी तांबूस असते. स्पायडर लिलीचे पान रुंद पट्ट्यासारखे व कंद बराच मोठा. पावसाळी लिलीला एका दांड्यावर एकच फूल येते. निशिगंधाच्या दांड्यावर मात्र खालून वर फुलांची रांग लागते.

आता सर्वांत महत्त्वाचे. निशिगंधाचा एक कंद एकदाच फुलतो. पुढची फुले त्याच्या बाजूला आलेल्या पिलांना येतात. म्हणून मधोमध जुन्या दांड्याचा खुंट असलेला कंद बेण्याला घेऊ नका. दोन ते तीन सेंटिमीटर जाडीचा, टणक, न कुजलेला कंद निवडा. दाबून पाहा, मऊ लागला तर बाजूला टाका. मुळांवर गाठी दिसल्या तर त्या शेतात सूत्रकृमी आहे असे समजा आणि ते बेणे नकोच म्हणा.

काढलेले कंद तीन-चार आठवडे सावलीत पसरून विश्रांती द्यावी आणि एप्रिल-मेमध्ये लागवड करावी. जमीन निचऱ्याची हवी, पाणी साचले की कंद कुजलाच. अंतर ३० बाय ३० सेंटिमीटर, खोली पाच ते सात सेंटिमीटर ठेवावी. हेक्टरी ४० टन शेणखत म्हणजे गुंठ्याला ४०० किलो. रासायनिक खतांत हेक्टरी २०० किलो नत्र, १५० किलो स्फुरद, २०० किलो पालाश द्यावे. गुंठ्याला दोन किलो नत्र म्हणजे दोन किलो युरिया नव्हे! युरियात नत्र ४६ टक्के, तेव्हा सुमारे ४ किलो ३५० ग्रॅम युरिया लागेल. तो एकदम न टाकता लागणीवेळी आणि पुढे ३०, ६० व ९० दिवसांनी विभागून द्यावा. स्फुरद व पालाश लागणीवेळीच मातीत मिसळावे.

सुटी फुले भल्या पहाटे तोडावीत. दांडा विकायचा असेल तर खालची दोन-तीन फुले उमलताच कापावा. एकदा लावलेले पीक दोन-तीन वर्षे राहते, म्हणजे बेण्यातली चूकही तितकीच वर्षे राहते.

त्या शेतकऱ्याने मग दांडे कापून सजावटवाल्यांना द्यायला सुरुवात केली. थोडेफार सावरले. पुढच्या वेळी मात्र ते दिवाळीआधीच शेजारच्या तालुक्यात जाऊन एकेरीचा उभा प्लॉट बघून आले, ओळी मोजल्या आणि त्याच प्लॉटचे कंद उन्हाळ्यात आपल्यासमोर काढून घेतले.

तुम्हीही तसेच करा. बेणे पोत्यात बघून घेऊ नका, फुलात बघून ठरवा. आणि आमच्यापैकी कुणी साहेब नुसता कंद बघून "लावा" म्हणाला, तर त्यालाच विचारा, "साहेब, फूल पाहिलंत का?"