इंजिनात पाणी आणि वहीतील कोरा रकाना

सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे नाशकात यंत्राशी झटणाऱ्या हातांची वानवा नाही. मोटारीच्या इंजिनात पाण्याचा फवारा सोडण्याची हौस येथे उपजली, तर नवल नव्हे. कल्पना पोरकट मुळीच नाही. गोव्याच्या दाबोळी तळावर २०१६पर्यंत असलेली नौदलाची सी हॅरियर विमाने अधांतरी तरंगताना गरजेप्रमाणे इंजिनाला पाणीच पाजीत. पाणी जळत नाही. वाफ होताना ते उष्णता शोषते, पेट्रोल इंजिनाचे ठोके आवरते, आणि मग टर्बोचा दाब वाढविता येतो. टर्बो नसलेल्या साध्या मोटारीला या थंडाव्याचे मोल फारसे नाही, हे हौशी मंडळींना कोणी सांगत नाही.

पंपाचा खर्च वहीत मांडला जातो, जोखमीचा रकाना मात्र कोरा राहतो. वाढविलेल्या दाबावर गाडी धावत असता बोअरच्या क्षारांनी फवारा तुंबला, तर पिस्टन वितळू शकतो. बंद इंजिनात पाणी झिरपून साचले, तर सुरू करताच कनेक्टिंग रॉड वाकतो. विमानामागे पगारी तंत्रज्ञांचा ताफा असतो. येथे घरचा एकच मिळवता असतो, आणि विमा कंपनी न कळविलेल्या फेरफारावर बोट ठेवू शकते. हौस भागवायचीच असेल, तर पाणी थांबताच टर्बोचा दाब आपोआप उतरेल अशी योजना आधी करावी. तोवर गाडी कसारा घाटात नेऊ नये.