मदत कोणाच्या नावावर?

आमचे निम्मे आयुष्य कामगारांचे हजेरीपट तपासण्यात गेले. त्यामुळे सरकारने मदत जाहीर केली की तिचा आकडा केवढा यापेक्षा यादीत नाव कोणाचे, हे आम्ही आधी पाहतो. आज त्याच नजरेने अमेरिकेतील एका योजनेकडे पाहावयाचे आहे.

२०२० च्या वसंतात तेथे करोनाची साथ पसरली. शाळा, खाणावळी बंद झाल्या. कत्तलखान्यांतील मजूर आजारी पडले व मोठमोठे कत्तलखाने थांबले. विक्रीस तयार झालेली जनावरे शेतावरच अडकली, भाव कोसळले. तेव्हा १७ एप्रिल रोजी तेथील कृषिखात्याने १,९०० कोटी डॉलरांची योजना जाहीर केली. त्यांपैकी १,६०० कोटी थेट शेतकऱ्यांच्या हाती द्यावयाचे होते.

आयोवा राज्याच्या वायव्येस सू नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे राज्याखालचा कारभाराचा विभाग. हा मुलूख मक्याचा आणि डुकरांचा. अशा प्रत्येक ठिकाणी २६ मे पासून शेतकीच्या स्थानिक कचेरीत अर्ज घेतले गेले. घरोघर जाऊन नुकसान मोजत बसले नाहीत; दर ठरवून दिला. १६ एप्रिल ते १४ मे या मुदतीत तुमच्या मालकीची जास्तीत जास्त जितकी डुकरे होती, त्या दर डुकरामागे १७ डॉलर. म्हणजे पन्नास डुकरे असणारास ८५० आणि दहा हजार असणारास १,७०,००० डॉलर. एका व्यक्तीस अडीच लाखांची मर्यादा होती. तथापि तीन भागीदार स्वतः राबत असतील, तर त्यांच्या कंपनीस साडेसात लाखांपर्यंत मिळू शकत.

ही पद्धत वाईटच होती, असे आम्ही म्हणणार नाही. कर्जाचा हप्ता दाराशी उभा असता लवकर मिळालेला पैसा मोलाचा असतो. परंतु तिचे माप गरजेचे नव्हते, मालकीचे होते.

आता दुसरा शेतकरी पाहा. शेड त्याचे, मेहनत त्याची, शेडवरचे कर्जही त्याचे. डुकरे मात्र कंपनीची. तो करारावर ती वाढवितो. कंपनीने नवी डुकरे धाडली नाहीत की त्याचे उत्पन्न बुडाले. तरी डुकरे त्याच्या मालकीची नसल्यामुळे त्याला प्रथम काहीच मिळाले नाही. डिसेंबर २०२० च्या कायद्याने त्याच्यासाठी वाट काढली.

आणि मजूर? शेतांवरील व मांसाच्या कारखान्यांतील मजुरांसाठी माणशी ६०० डॉलरांची योजना २०२१ मध्ये जाहीर झाली. वाटप करणाऱ्या संस्था ठरण्यास ऑक्टोबर २०२२ उजाडला. साथीत जो प्रत्यक्ष कामावर गेला, तो रांगेत शेवटी!

याचे कारण जुने आहे. कामगारांना संघटनेचे संरक्षण देणारा तेथील १९३५ चा कायदा शेतमजुरांना लागू नाही. यादी तयार होताना ज्याचा माणूस तेथे नसतो, त्याचे नाव राहून जाते. म्हणून मदतीचे आकडे ऐकून टाळ्या वाजविण्यापूर्वी यादी मागावी, आणि तीत राबणाऱ्याचे नाव शोधावे, एवढेच आमचे सांगणे आहे.