गिनीपिगचा आहार आणि वजनातील घट

गिनीपिगच्या वजनातील घट हा स्वतंत्र रोग नसून बहुधा आहारदोषाचे किंवा दंतविकाराचे लक्षण असते. या प्राण्याच्या शरीरात ‘क’ जीवनसत्त्व तयार होत नाही. केवळ धान्यावर पोसलेल्या गिनीपिगला स्कर्व्ही होतो, हे नॉर्वेतील होल्स्ट व फ्रोलिख यांनी १९०७ मध्ये दाखवून दिले. तयार खाद्यातील हे जीवनसत्त्व साठवणुकीत घटत जाते; म्हणून ढोबळी मिरचीसारखी ताजी भाजी रोज द्यावी. गिनीपिगचे दात आयुष्यभर वाढत असल्याने त्यांची झीज होण्यासाठी वाळलेले गवत हाच मुख्य आहार असावा. दात वाढल्यास भूक असूनही प्राण्यास चावता येत नाही. आजाराची बाह्य लक्षणे उशिरा दिसतात. त्यामुळे दर आठवड्यास वजन नोंदविणे आवश्यक ठरते. खाणे थांबल्यास आतड्यांची हालचाल मंदावून प्राण धोक्यात येतो. अशा वेळी पशुवैद्यकीय उपचारांस विलंब करू नये.