टपली मारली, आवाज आला!

कावळा बसला आणि फांदी मोडली, या काकतालीय न्यायाचं घरातलं उदाहरण आज आपण घेऊ.

ॲम्प्लिफायर लावला की २० मिनिटांनी डावा स्पीकर मुका होतो. आपण टपली मारतो, आवाज येतो. ‘झाला दुरुस्त!’ दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आम्ही घाईनं नवा स्पीकर आणला. तोही २० मिनिटांनी गप्प. पैसे गेले, दोष तिथेच.

चुकलं कुठे? येता-जाता दोष दिसेनासा झाला, म्हणजे गेला असं नव्हे. तो कधी येतो, हे आधी लिहून ठेवावं.

मग अन्वय-व्यतिरेक. मिलनं १८४३च्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात हीच रीत मांडली: एका वेळी एकच गोष्ट बदला. वीज बंद करून ॲम्प्लिफायरमागच्या स्पीकरच्या डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करा. आता दोष येईपर्यंत थांबा. डावाच गप्प झाला, तर दोष त्या स्पीकरात किंवा त्याच्या वायरीत. उजवा गप्प झाला, तर दोष मागे आहे. मग आत येणाऱ्या वायरींची तशीच अदलाबदल करा. दोषानं बाजू बदलली, तर तो प्लेअरमध्ये किंवा त्या वायरीत. नाही बदलली, तर ॲम्प्लिफायरमध्ये.

आमचा तिथेच निघाला: ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा जोड. तापला की सुटायचा, टपलीनं टेकायचा. पेटी मात्र आपण उघडायची नाही. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज राहते. कारागिराला फक्त दोषाची जागा सांगायची.

टपलीनं आवाज मिळतो, कारण मिळत नाही.