तसलं पुस्तक

“ताई, तुमच्याकडं तसलं पुस्तक आहे का वो?”

बचत गटाची बैठक संपली होती. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, चहाचे कप विसळून पालथे घातले आणि बायका आपापल्या वाटेला लागल्या. ही एकटीच चपला सापडत नाहीत असं दाखवत पायरीशी रेंगाळत होती. मी विचारलं, “तसलं म्हणजे कसलं गं?” तर पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, “तुम्हाला कळलंय. कशाला बोलायला लावता?”

मैत्रिणींनो, मला कळलं होतं. पण मी न कळल्यासारखं केलं आणि पिशवीतून ‘मृत्युंजय’ काढून तिच्या हातात ठेवलं. तिनं मुकाट्यानं घेतलं. पुढच्या महिन्यात परत दिलं, तेव्हा मी खूण म्हणून घातलेलं एसटीचं तिकीट होतं त्याच पानात होतं.

या पिशवीबद्दल आधी सांगते. गटांच्या कामासाठी मी महिन्यातले दहा-बारा दिवस जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत फिरते. ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव आणि त्यांच्या आजूबाजूच्या वाड्या-वस्त्या. सोबत एका कापडी पिशवीत वीसेक पुस्तकं असतात. ज्या बाईला ग्रंथालयाची पायरी चढायला वेळ नाही, आणि चढली तर “आता ही काय वाचणार” असं बघणारे चार डोळे असतात, तिच्यासाठी ती पिशवी. सुरुवातीला तिच्यात पाककृती, स्तोत्रं, मुलांचं संगोपन, थोरामोठ्यांची चरित्रं एवढंच असायचं. बायकांनी काय वाचावं ते मीच ठरवत होते. मराठी घेऊन बी. ए. झालेली बाई मी, आणि माझ्या पिशवीत एक धड प्रेमकथा नव्हती!

आणि मी स्वतः काय वाचून मोठी झाले? आमच्या आत्याच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या खाली, चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्या होत्या. वर्तमानपत्राची कव्हरं घातलेल्या, आणि कव्हरावर पेनानं ‘गृहविज्ञान’ असं लिहिलेलं. बारावीच्या सुट्टीत त्या मी माळ्यावर बसून वाचल्या. वर पत्रा तापलेला, खाली आई हाका मारतेय आणि मी नायक-नायिकेच्या पावसात. आत्याला कळलं होतं. ती एवढंच म्हणाली, “शालूची घडी नीट घालत जा.”

आजच्या मुलींना काकोडकर हे नाव माहीत नसेल. राजेश खन्ना-मुमताजचा ‘दो रास्ते’ मात्र त्यांच्या आईला विचारा. १९६९ सालचा तो सिनेमा काकोडकरांच्या ‘नीलांबरी’ कादंबरीवर बेतलेला होता. गंमत बघा, त्याच वर्षी हा लेखक सर्वोच्च न्यायालयात उभा होता. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात त्यांची ‘श्यामा’ ही कथा आली होती. ती अश्लील आहे म्हणून पुण्यात खटला झाला. खालच्या कोर्टात ते सुटले, उच्च न्यायालयानं दोषी धरून दंड केला आणि शेवटी ऑगस्ट १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडलं. निकालाचा आशय असा, की कथेत स्त्री-पुरुष संबंध आले म्हणून ती लगेच अश्लील होत नाही, आणि कोवळ्या वयाच्या मुलांच्या हाती पडेल म्हणून लेखकांनी फक्त त्यांच्यापुरतंच लिहावं असंही नाही. सात वर्षं एका दिवाळी अंकातल्या गोष्टीसाठी! आत्याला हे माहीत असतं तर ‘गृहविज्ञान’ लिहायची वेळ आली नसती, असं मला वाटायचं. पण खरं सांगायचं तर आली असती. कोर्ट सोडतं, घर सोडत नाही.

आपल्याकडं हे असलं कधी नव्हतं, टीव्हीनं आणि मोबाइलनं आणलं, असं म्हणणाऱ्यांना मी नाणेघाट दाखवते. जुन्नरपासून जवळच. सातवाहनांच्या काळातला व्यापाराचा घाट, जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण, आणि गुहेत राणी नागनिकेचा शिलालेख. शाळेच्या सहलीत आपण सगळ्या जाऊन आलोय. पण त्याच सातवाहनांपैकी हाल राजाच्या नावावर ‘गाथासप्तशती’ आहे, हे गुरुजींनी कधी सांगितलं? आपल्या मराठीची आजी म्हणावी अशा महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशेच्या आसपास गाथा. देवादिकांच्या नाहीत, राजा-राणीच्याही क्वचितच. शेतकऱ्याची बायको, परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट बघणारी, पावसाळ्यात उंबऱ्यात उभी राहणारी, गोदेच्या काठी कुणाला तरी भेटायला जाणारी. शरीराची ओढ त्यात आहे, आडपडदा न ठेवता आहे, आणि बहुतेक ठिकाणी बोलते ती बाई. टीकाकारांनी काही गाथांपुढं रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशी बायकांची नावंही दिली आहेत. स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये या गाथा मराठीत आणल्या. जाडजूड ग्रंथ आहे, पिशवीत मावत नाही. मी त्यातल्या निवडक गाथांचा अर्थ बैठकीत सांगते. पहिल्यांदा सांगितला तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “एवढ्या जुन्या बायका आणि एवढ्या धीट?”

दुसरी गोष्ट तर आपल्या उंबऱ्यावरची. नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात. पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकर (१९३५-२००२) याच मातीतल्या. शृंगाराची लावणी उभ्या महाराष्ट्रानं त्यांच्या तोंडून ऐकली, राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, आज सरकार त्यांच्या नावानं पुरस्कार देतं. म्हणजे शृंगार गावाला चालतो, वर्गणी काढून चालतो. फक्त तो पटावरच्या बाईनं म्हणायचा आणि समोरच्या पुरुषांनी ऐकायचा. घरातल्या बाईनं दिव्याखाली बसून मनातल्या मनात वाचला, की संस्कार बुडाले!

असो. त्या पायरीवरच्या बाईकडं येते. तिसऱ्या महिन्यात ती पुन्हा थांबली. या वेळी मी शहाणपणा केला नाही, नुसती शेजारी बसले. तिचं नाव, गाव सांगत नाही. लग्नाला अकरा वर्षं, दोन मुलं, कांदा आणि थोडा ऊस. रात्रीची लाइट असली की मालक मोटार चालू करायला शेतावर. बिबट्याच्या भीतीनं ही दाराला कडी लावून जागी. कधी उशिरा येऊन दार वाजवणार, मग पुढचं काही न बोलता होणार, आणि ते घोरायला लागणार. मारहाण नाही, दारू नाही. “माणूस वाईट नाही वो ताई,” हे तिनं तीनदा सांगितलं. मग खाली बघत म्हणाली, “यात बाईला पण काही वाटायचं असतं का, एवढंच मला बघायचंय. कुणाला विचारू? आईला विचारू का सासूला?”

मला ‘मृत्युंजय’ आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून पिशवी बदलली. आता पहिलं पुस्तक कुणाला कोणतं द्यायचं, यावर मी विचार करते. अगदी नवशिक्या वाचणारीला शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर, सुमती क्षेत्रमाडे. नाकं मुरडू नका. समीक्षकांनी त्यांना कधी पाटावर बसवलं नाही, पण एका पिढीच्या बायकांना वाचायची सवय याच लेखिकांनी लावली. ना. सी. फडके द्यायचे का, याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. भाषा गोड, पण त्यांची नायिका दिसते फार छान आणि तिला वाटतं काय ते नायकच ठरवतो. तरी मागितलं तर देते. विभावरी शिरूरकरांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ चं. शिकलेल्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातली घुसमट लिहिली म्हणून केवढी खळबळ झाली होती! मालतीबाई बेडेकरांना टोपणनावाआड राहावं लागलं. आमच्या गटात ते पुस्तक सगळ्यात जास्त फिरतं, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

मग गौरी देशपांडे. ‘एकेक पान गळावया’ देताना मात्र सांगावं लागतं, की पहिली वीस पानं सोडू नकोस. तिच्या बायका परदेशात राहतात, इंग्रजी बोलतात, आपल्याला परक्या वाटतात. पण नवऱ्यावर जीव असूनही आत काहीतरी रिकामं राहतं, हे तिच्याइतकं सरळ कुणी लिहिलं नाही. ‘अरेबियन नाइट्स’चे सोळा खंड मराठीत आणले तेही याच बाईनं, आणि लहान मुलांसाठी गाळून घेतलेले नव्हेत, अख्खे! र. धों. कर्व्यांची पुतणीच ती. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, वाचकांच्या असल्याच प्रश्नांना उत्तरं दिली, खटले अंगावर घेतले. १९३४ साली त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोर्टात उभे राहिले होते. शंभर वर्षं होत आली आणि माझी मैत्रीण अजून पायरीवर चपला शोधतेय.

मेघना पेठेंचं ‘नातिचरामि’ (२००५) मी सगळ्यांना देत नाही. पुस्तक वाईट म्हणून नाही, उलट फार खरं आहे म्हणून. घरात कुणी उघडून मधलंच पान वाचलं तर त्या बाईचे हाल होतील, याची धास्ती.

तसं एकदा झालंच, आणि तेही ‘नातिचरामि’वरून नाही, साध्या प्रेमाच्या कादंबरीवरून! मुखपृष्ठावर एक जोडपं जवळ उभं होतं, तेवढंच निमित्त. त्या घरातले थोरले दीर पुस्तक घेऊन आमच्या दारात आले. “आमच्या घरात हे चालायचं नाही. तुम्ही समाजसेवा करता का बायका बिघडवता?” मी पाणी दिलं, बसा म्हणाले. बसले नाहीत. पुढच्या आठवड्यात आम्हाला बैठकीच्या खोलीची किल्ली मिळाली नाही. दोन महिने आम्ही एका गटातल्या बाईच्या ओट्यावर बसलो. सहा बायकांनी पुस्तकं घेणं बंद केलं. आमच्या घरी हे सगळं कळल्यावर आमचे हे रात्रभर काही बोलले नाहीत. सकाळी चहा पिताना म्हणाले, “त्यात आहे तरी काय एवढं? आण बघू.” त्यांनी वाचायला घेतलं आणि चौथ्या पानावर झोप लागली. म्हणजे तेवढंच होतं त्यात.

हल्ली वेगळीच अडचण आहे. पिशवीची वाट कोण बघतंय? सुनांच्या मोबाइलवर ‘प्रतिलिपी’ आहे. २०१४ पासून सुरू झालेलं हे अॅप, त्यावर मराठी कथांच्या मालिका, भागावर भाग. लिहिणाऱ्या बऱ्याचजणी आपल्यासारख्याच, दुपारची भांडी आवरून लिहिणाऱ्या. ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ सुद्धा मंचरकडच्या एका कॉलेजातल्या पोरीनं मला फोनवर दाखवलं. मी वाचलं. ते लिहिणारी लंडनची बाईसुद्धा संसारी, दोन मुलांची आई.

मी फोनवरच्या गोष्टींना नावं ठेवणार नाही. काही सुंदर आहेत, काही पाणी घातलेल्या दुधासारख्या. पण एक गोष्ट मला खटकते आणि ती मी पोरींना तोंडावर सांगते. पुष्कळ गोष्टींत नायक श्रीमंत, रागीट, मनगट धरणारा. जबरदस्तीनं लग्न, जबरदस्तीनं जवळ घेणं, आणि दहाव्या भागात तिला त्याच्यावर प्रेम बसतं. काकोडकरांच्या काळातही हे होतं, मी माळ्यावर बसून त्यालाच प्रेम समजत होते. तिनं ‘नको’ म्हटलं आणि त्यानं ऐकलं, अशी गोष्ट किती वाचलीत, मोजा बरं. आपल्या कायद्यातही सज्ञान बायकोवर नवऱ्यानं केलेली जबरदस्ती बलात्कार धरली जात नाही, २०२३ च्या नव्या न्याय संहितेतही तो अपवाद तसाच ठेवलाय. मात्र २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ हा हिंसाचारच आहे, आणि तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडं त्याची तक्रार देता येते. एका कथेवर गप्पा मारता मारता हे सांगितलं, तर त्या दिवशी बैठक दीड तास लांबली. भाकऱ्या थापायच्या राहिल्या म्हणून कुणी उठलं नाही.

आणि ती? तिला मी ‘कळ्यांचे निःश्वास’ दिलं होतं, नंतर गौरी. त्यानंतर ती एकदा म्हणाली, “ताई, परवा मी म्हनलं त्यांना, आज दमलेय, नुसतं बोला. तर गप बसले. मग कांद्याच्या भावाचं बोलले.” आणि जरा थांबून, “पण बोलले.” एवढंच. पुढं काय झालं ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. सासूबाईंना मात्र पुस्तकांचा सुगावा लागला. त्यांना अक्षर लागत नाही. त्यांनी सुनेला वाचून दाखवायला सांगितलं, आणि पाच-सहा पानं ऐकून म्हणाल्या म्हणे, “एवढंच? आमी हळदीला याच्या वरची गाणी म्हनायचो.”

ती गाणी आता मी वहीत उतरवून घेतेय. म्हाताऱ्या बायका आधी “चल, कायतरीच” म्हणतात, मग दार लोटायला सांगतात.

पिशवीत सध्या तेवीस पुस्तकं आहेत, त्यातली सोळा बाहेर. काकोडकर मात्र कुठं मिळत नाहीत. आत्या गेली, ट्रंक भावाकडं गेली, पुस्तकं रद्दीत. तुमच्या माळ्यावर, शालूखाली, कव्हर घातलेलं ‘गृहविज्ञान’ सापडलं तर आधी उघडून बघा. विकू नका.